चार ओळींत सिनेमा

३१ जुलै १९२८ रोजी 'न्यूयॉर्क डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर यांनी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' नावाच्या मूकपटाला एक तारा दिला. तो चित्रपट आज कुणाच्या ध्यानात नाही. त्याच्या नावापुढचा तारा मात्र अजून टिकून आहे, आणि शुक्रवार उजाडला की आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत तो उगवतो. 'डेली न्यूज' हे १९१९ साली निघालेलं लहान आकाराचं पत्र. गर्दीच्या गाडीत दांडीला धरून उभ्या उभ्या, दुसऱ्या हातात घेऊन वाचता येईल असं. थायरर यांची मोजपट्टी तीन ताऱ्यांची होती. तीन म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे यथातथा, आणि एकही तारा नसेल तर समजून घ्यावं. दर आठवड्याला ढिगानं चित्रपट येत होते. वाचकाला संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं.

हा तारा मुळात सिनेमाचा नव्हेच. १८२० च्या सुमारास मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज बाई युरोपात हिंडणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहीत. इटलीतल्या चित्रांपुढे आणि पुतळ्यांपुढे त्या उद्गारचिन्हं टाकीत, आणि जितकी चिन्हं जास्त तितकी ती वस्तू अधिक पाहण्याजोगी. पुढच्या प्रवासी-पुस्तकांनी उद्गारचिन्हाचा तारा केला. १९१५ पासून एडवर्ड ओब्रायन यांनी अमेरिकन लघुकथांचे वार्षिक संग्रह काढायला घेतले, त्यांत वर्षभराच्या कथांची यादी देऊन ते कथांपुढे जास्तीत जास्त तीन तारे टाकत. म्हणजे सिनेमाला तारे लागण्याच्या बरीच वर्षं आधी ते कथेला लागले होते. साहित्याच्या माणसांनी सिनेमाच्या ताऱ्यांवर नाक मुरडण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण मला ताऱ्यापेक्षा त्याच्या शेजारच्या चार ओळींबद्दल लिहायचं आहे. माझा पोटापाण्याचा एक भाग त्या ओळींवर चालतो. गेली काही वर्षं मी इतर कामांबरोबर चित्रपट-महोत्सवांच्या पुस्तिकांसाठी टिपणं मराठीत आणते. एका चित्रपटाला साठ-सत्तर शब्द. देश, भाषा, लांबी, गोष्टीचा सांगाडा, आणि शेवटी अर्ध्या वाक्याचा अभिप्राय. सांगाडा पटकन होतो. अर्ध्या वाक्याला सकाळ जाते.

कारण अभिप्राय जितका आखूड, तितका तो म्हणणाऱ्याच्या आवाजावर उभा असतो. मराठीतला 'बरा' घ्या. 'चित्रपट बरा आहे' हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय ते कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. पुण्यातले एखादे निवृत्त गृहस्थ 'वाईट नाही' म्हणाले तर दिग्दर्शकानं पेढे वाटावेत. मी तौलनिक साहित्य शिकायला कोलकात्याला जादवपूर विद्यापीठात होते, तिथे बंगालीत 'मंद ना' ऐकलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. शब्दशः तेच 'वाईट नाही', आणि कौतुकाचा तोच हात आखडता. मुंबईच्या हिंदीनं 'पैसा वसूल' आणि 'टाइमपास' असे दोन पूर्ण अभिप्राय घडवले, ते कुठल्याही समीक्षकाचे नाहीत, तिकीट काढणाऱ्याचे आहेत. 'पैसा वसूल' दुसऱ्या भाषेत नेता येतो. 'टाइमपास' दिसायला इंग्रजी असूनही इंग्रजीत परत नेता येत नाही. आणि मराठी वर्तमानपत्री परीक्षणाचं लाडकं शेवटचं वाक्य, 'एकदा पाहायला हरकत नाही'! यात होकार आहे, नकार आहे, आणि परीक्षक व निर्माता उद्या एखाद्या समारंभात समोरासमोर येतील याची तजवीजही आहे.

अशा ओळींचा इतिहास म्हणजे नुसत्या चटकदार वाक्यांची जंत्री नाही. त्यात काही ठिकाणी माणसांचं आणि नियतकालिकांचं बरंच काही पणाला लागलेलं दिसतं.

अमेरिकेत १९३४ च्या सुमारास कॅथलिक धर्मसंस्थेच्या पुढाकारानं 'लीजन ऑफ डीसन्सी' उभी राहिली. तिनं अभिप्राय एका अक्षरावर आणला. ए म्हणजे पाहावा, बी म्हणजे आक्षेपार्ह, सी म्हणजे धिक्कृत. रोबेर्तो रोसेलिनी यांचा 'द मिरॅकल' डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्कला आणखी दोन लघुपटांच्या जोडीनं लागला. शहरातल्या समीक्षकांनी त्या संचाला वर्षाचा सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपट ठरवलं. लीजननं 'सी' दिला. चित्रपटगृहासमोर निदर्शनं झाली, राज्यानं परवाना काढून घेतला. वितरक जोसेफ बर्स्टिन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. १९१५ साली त्याच न्यायालयानं सिनेमा हा निव्वळ धंदा म्हणून ते नाकारलं होतं. एका चित्रपटावर एकाच शहरात दोन संक्षिप्त मतं पडली, एक पारितोषिकाचं आणि एक अक्षराचं, आणि त्यांच्या भांडणातून कायदा बदलला.

लंडनमधली गोष्ट याच्या उलट दिशेनं गेली. ग्रॅहम ग्रीन यांनी १९३५ ते १९४० या काळात चारशेहून अधिक चित्रपटांवर लिहिलं, बहुतेक 'स्पेक्टेटर'मध्ये. एका स्तंभात दोन-तीन चित्रपट, एखाद्याला परिच्छेद, एखाद्याला दोन ओळी. कादंबरीकार असल्यानं त्यांना एका विशेषणात माणूस उभा करता यायचा, आणि ते कसब ते नटनट्यांवर वापरत. जुलै १९३७ मध्ये 'नाइट अँड डे' हे साप्ताहिक निघालं. ग्रीन त्याच्या संपादकांपैकी, शिवाय चित्रपटांवर लिहिणारे. तिथे त्यांनी शर्ली टेंपलच्या 'वी विली विंकी'वर लिहिलं. जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट किपलिंगच्या कथेवरचा, वायव्य सरहद्दीवरच्या गोऱ्या छावणीतला. शर्ली नऊ वर्षांची. ग्रीन यांचं म्हणणं थोडक्यात असं की, या मुलीच्या निरागसपणाआडून स्टुडिओ प्रौढ पुरुषांना वेगळंच काही विकतो आहे. स्टुडिओनं आणि मुलीच्या वतीनं अब्रुनुकसानीचा दावा लागला. साप्ताहिकाची गंगाजळी आधीच आटत आली होती, ते डिसेंबरात बंद पडलं. मार्च १९३८ मध्ये साडेतीन हजार पौंडांची भरपाई ठरली. ग्रीन त्या वेळी मेक्सिकोत होते, आणि तिथल्या प्रवासातून पुढे 'द पॉवर अँड द ग्लोरी' ही त्यांची कादंबरी आली.

या प्रकरणात ग्रीन यांना द्रष्टा ठरवण्याची आज पद्धत आहे. मला तितकं सरळ वाटत नाही. स्टुडिओबद्दल त्यांचं निदान बरोबर असेलही. पण त्यासाठी त्यांनी वर्णन केलं ते मुलीच्या शरीराचं. ज्या नजरेवर आरोप करायचा तीच नजर परिच्छेदभर वापरली. लांब लेख असता तर कदाचित स्टुडिओचा व्यवहार, करार, जाहिराती यांच्याबद्दल लिहावं लागलं असतं. थोडक्यात लिहिताना सगळ्यांत जवळचं आणि सगळ्यांत झोंबणारं जे असेल ते हाती येतं.

हे झोंबणं ज्यानं आयुष्यभर व्यवसाय म्हणून केलं तो माणूस आपल्याकडचा. एप्रिल १९३५ मध्ये मुंबईत बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केलं. बाबूराव जन्मानं पालघरजवळच्या मासवणचे, आडनाव मूळचं पाटील, शिक्षण अर्धवट सुटलेलं. मूकपटांच्या काळापासून ते या धंद्यात होते, स्वतः दिग्दर्शनही केलेलं. म्हणजे बाहेरून आलेला समीक्षक नव्हे. स्टुडिओचं मागचं दार कुठे आहे हे ठाऊक असलेला. गुळगुळीत कागद, एस. एम. पंडित यांच्यासारख्यांच्या हातची मुखपृष्ठं, आणि आत परीक्षणं. परीक्षणाचा मथळाच निकाल सांगायचा, खालचा मजकूर त्या निकालाची अंमलबजावणी करायचा. 'ज्यूडास' या नावानं 'बॉम्बे कॉलिंग' हे सदर चाले. पण लोक मासिक उघडत ते 'एडिटर्स मेल'साठी. देशभरातून वाचक प्रश्न पाठवत, अमुक नट कसा, तमुक चित्रपट का पडला, लग्न करावं का, गांधीजींचं बरोबर आहे का, आणि बाबूराव एका-दोन ओळींत उत्तर देत. कुठलाही प्रश्न आणि कुठलाही विषय असला तरी उत्तराची लांबी तीच.

या उत्तरांच्या इंग्रजीबद्दल माझं एक मत आहे आणि ते सिद्ध करता येण्यासारखं नाही. ती इंग्रजी वाचताना मला खाली मराठी ऐकू येते. वाक्य जिथे संपायला हवं त्याच्या एक शब्द पुढे जाऊन टोला मारायचा ही लकब वर्तमानपत्री इंग्रजीची नाही, ती आपल्या पारावरची आहे. इंग्रजी शाळेतून न आलेल्या माणसानं इंग्रजी अशी वापरली की मद्रासपासून लाहोरपर्यंतचा वाचक तिच्यासाठी पैसे मोजू लागला. त्यांच्यावरचं सगळ्यांत जिवंत व्यक्तिचित्र उर्दूत आहे. सआदत हसन मंटो यांच्या १९५२ च्या 'गंजे फरिश्ते'मध्ये अशोककुमार, श्याम, नर्गिस यांच्या पंक्तीला बाबूराव बसले आहेत. मराठी माणूस इंग्रजीत लिहितो, पंजाबी माणूस उर्दूत त्याचं चित्र काढतो, आणि मी ते हिंदीतून वाचते. मुंबईच्या सिनेमाची भाषा कोणती, असं कुणी विचारलं की मी हा मार्ग दाखवते.

त्यांच्या लेखणीत ताकद होती आणि तिचा सदुपयोगही झाला. १९३८-३९ मध्ये 'द ड्रम' आणि 'गंगा दीन' या साम्राज्याची आरती ओवाळणाऱ्या चित्रपटांविरुद्ध त्यांनी रान उठवलं. त्याच लेखणीनं नट्यांच्या बांध्यावर, रंगावर, खासगी आयुष्यावर जे लिहिलं ते आज मोठ्यानं वाचवत नाही. फाळणीच्या आगेमागे मुसलमान कलावंतांबद्दलचा विखार वाढत गेला, मासिक हळूहळू सिनेमाकडून राजकारणाकडे सरकलं, १९६० च्या सुमारास त्याचं 'मदर इंडिया' झालं, आणि १९६७ मध्ये संपादक जनसंघाच्या तिकिटावर शाजापूरहून लोकसभेत गेले. दोन ओळींच्या उत्तराची सवय लागलेल्या वाचकाला हा प्रवास खटकला नसणार. सिनेमाबद्दल ज्या झटक्यात सांगितलं जायचं त्याच झटक्यात देशाबद्दल सांगितलं जाऊ लागलं, एवढंच.

मधल्या काळात बाबूरावांनी 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे दोन चित्रपट काढले, नायिका त्यांची पत्नी, गायिका सुशीलाराणी. दोन्ही पडले. इतरांनी त्यांच्यावर काय लिहिलं असेल याची कल्पना वाचकांनी करावी. त्याच मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये ख्वाजा अहमद अब्बास चित्रपटांवर लिहीत होते. तेही पुढे पटकथाकार-दिग्दर्शक झाले. अब्बास यांच्या लिहिण्यात युक्तिवाद जास्त, म्हणून त्यातलं उद्धृत होणारं कमी. तोंडी परंपरेत बाबूराव टिकले.

तोंडी परंपरेचा आणखी एक परिणाम असा की, अतिशय आखूड अभिप्राय लवकरच निपुत्रिक होतात. किंवा उलट, त्यांना चार-चार बाप मिळतात. 'आय अ‍ॅम अ कॅमेरा' या नाटकावर आणि पुढे १९५५ च्या चित्रपटावर 'लायका' या कॅमेऱ्याच्या नावाशी शब्दखेळ करून तीन शब्दांचं परीक्षण झालं म्हणतात. कुणी ते वॉल्टर कर यांचं सांगतो, कुणी सी. ए. लेजून यांचं. आपल्याकडे नाटक-सिनेमावरचा बोचरा एकोळी शेरा असला की तो आचार्य अत्र्यांच्या नावावर जमा होतो. 'नवयुग' आणि 'मराठा' चाळत बसलं तरी त्यातले बरेचसे सापडायचे नाहीत. शेरा खरा की खोटा यापेक्षा तो कुणाच्या तोंडी शोभतो हे लोक पाहतात.

शीर्षकाला दिलेलं उत्तर हा तर या प्रकाराचा जुना खेळ. 'इझन्ट इट रोमँटिक?' या १९४८ च्या चित्रपटावर लिओनार्ड मॉल्टिन यांच्या मार्गदर्शिकेत एका शब्दाची नोंद आहे. शीर्षकात प्रश्न आहे, नोंदीत त्याचं नकारार्थी उत्तर. मराठीत हे सहज येतं. त्याच वर्षीच्या 'यू वेअर मेंट फॉर मी'वर जेम्स एजी यांनी लिहिलेली चार-पाच शब्दांची ओळ मात्र मी एकदा विद्यार्थ्यांपुढे फळ्यावर घेतली आणि तास संपला तरी ओळ संपली नाही. शीर्षकातला दावा प्रेमिकाचा, एजींचा प्रतिटोला असा की, हा तुझा समज. आता 'तू माझ्यासाठीच होतास' की 'होतीस'? इंग्रजीला हे ठरवावं लागत नाही, मराठीला ठरवल्यावाचून वाक्यच करता येत नाही. आणि टोला कुणाला आहे? पडद्यावरच्या प्रियकराला असेल तर 'तुला', चित्रपट प्रेक्षकाच्या गळ्यात मारणाऱ्या कंपनीला असेल तर 'तुम्हाला'. एजींनी दोघांना एकाच दगडात मारलं होतं. मराठीत एक पक्षी उडून जातो.

एजी यांचं नाव निघालं आहे तर एक गोष्ट नोंदवायला हवी. 'द नेशन'मध्ये १९४२ ते ४८ लिहिताना त्यांनी कित्येक चित्रपट ओळी-दोन ओळींत निकालात काढले, आणि तेच एजी १९४७ मध्ये चॅप्लिनचा 'मस्य व्हर्दू' सगळीकडून झोडपला जात असताना एकामागून एक तीन स्तंभ त्याच्या बाजूनं लिहीत राहिले. कुठे आखडायचं आणि कुठे पसरायचं याचा निर्णय हाही अभिप्रायच असतो. आज प्रत्येक चित्रपटाला सारखेच शब्द देणाऱ्या पुस्तिकांत तो निर्णय आधीच काढून घेतलेला असतो.

पॅरिसच्या 'काये द्यु सिनेमा'नं याच सुमारास एक वेगळीच युक्ती काढली. १९५१ साली आंद्रे बाझँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं हे मासिक लांबलचक, कधी कधी दुर्बोध लेखांसाठी प्रसिद्ध. पण १९५५ च्या आसपास त्यात एक तक्ता येऊ लागला. शीर्षक 'दहांचं मंडळ', व्हेनिसच्या जुन्या प्रजासत्ताकातल्या दरारा असलेल्या न्यायमंडळावरून घेतलेलं. उभ्या रकान्यांत दहा समीक्षकांची नावं, आडव्या ओळींत त्या महिन्याचे चित्रपट. चार तारे म्हणजे श्रेष्ठ कलाकृती, त्याखाली क्रमानं उतरत एक तारा म्हणजे अगदीच वेळ असेल तर, आणि काळा ठिपका म्हणजे तसदी घेऊ नये. पाहिलाच नसेल तर चौकट रिकामी. रोमेर, रिव्हेत, गोदार, त्र्युफो यांच्या शेजारी कम्युनिस्ट इतिहासकार जॉर्ज सादूल यांच्यासारखे पाहुणेही असत. एकाच ओळीत एकाचे चार तारे आणि शेजाऱ्याचा काळा ठिपका असं दिसलं की वाचकाला आपोआप प्रश्न पडे की, यांचं बिनसलं कुठे?

मला ताऱ्यांचा हा एकमेव वापर मनापासून आवडतो. इथे प्रत्येक तारा नावानिशी आहे. सहा महिने तक्ता वाचल्यावर वाचकाला कळतं की अमुक माणसाला अमेरिकन पोलिसपट आवडतात, तमुक तत्त्वासाठी रुसतो, आणि मग त्या माणसाचा ठिपकासुद्धा शिफारस वाटू शकतो. मत कुणाचं हे कळलं की ते कितीही आखूड असो, त्याच्याशी भांडता येतं. पुढे हीच मंडळी दिग्दर्शक झाली आणि त्यांचे चित्रपट त्याच तक्त्यात मित्रांच्या ताऱ्यांसाठी उभे राहिले, हा भाग वेगळा.

पॉलीन केल यांच्याकडे मी नेहमी दोन मनांनी जाते. 'न्यूयॉर्कर'मधल्या त्यांच्या दीर्घ परीक्षणांची दादागिरी मला दमवते. त्यांची टिपणं मात्र अजून ताजी आहेत, आणि त्याचं कारण ती कुठे जन्मली यात असावं. १९५० च्या दशकात बर्कलीला दोन छोट्या पडद्यांच्या एका चित्रपटगृहासाठी केल जुने आणि परदेशी चित्रपट निवडत, आणि कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येकावर परिच्छेदभर लिहीत. पत्रिका घरोघरी टपालानं जाई, लोक ती स्वयंपाकघरात चिकटवून ठेवत. म्हणजे लिहिणाऱ्या बाईला या ओळी वाचून संध्याकाळी खुर्च्या भरतात की नाही हे त्याच संध्याकाळी दिसे. खोटी स्तुती केली तर पुढच्या आठवड्याच्या खुर्च्या रिकाम्या. 'किस किस बँग बँग' या १९६८ च्या पुस्तकात अशी दोनशे ऐंशी टिपणं आली, आणि १९८२ च्या '५००१ नाइट्स अ‍ॅट द मूव्हीज'मध्ये टिपणांचंच जाडजूड पुस्तक झालं. मॉल्टिन यांची मार्गदर्शिका तोवर घरोघर होती. १९६९ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी दूरचित्रवाणीवर रात्री-अपरात्री लागणाऱ्या चित्रपटांची ती पहिली आवृत्ती काढली होती, आणि शेवटची आवृत्ती निघाली २०१४ मध्ये. मॉल्टिन उपयोगी आहेत. केल यांची पानं मी चित्रपट पाहायचा नसतानाही वाचते.

बर्कलीतलं ते चित्रपटगृह आणि आपल्याकडच्या फिल्म सोसायट्या यांत फारसं अंतर नाही. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. यांच्या कार्यक्रमाला जाणाऱ्याच्या हातात सायक्लोस्टाइल केलेला कागद पडे. कोलकात्याला असताना एका जुन्या सभासदाच्या घरी अशा कागदांचा गठ्ठा मी पाहिला. पिवळे पडलेले, कडा तुटणाऱ्या, जांभळी शाई पुसट झालेली. दूतावासाकडून आलेल्या चित्रपटाला कधी उपशीर्षकं नसत, कधी असत ती तिसऱ्याच भाषेत. मग कागदावरच्या दहा ओळींना चित्रपटाचं अर्धं ओझं वाहावं लागे. कोण कुणाचा भाऊ, शेवटच्या पत्रात काय लिहिलंय, घंटा का वाजते, हे आधीच वाचून अंधारात बसायचं. अशा टिपणात गोष्ट फोडली म्हणून कुणी तक्रार करत नसे. आणि लिहिणारा तिथेच दाराशी उभा असल्यानं, न पटलेला अभिप्राय मध्यंतरात त्याच्या तोंडावर परत करता येई.

१९९८ मध्ये अमेरिकेत 'रॉटन टोमॅटोज' सुरू झालं आणि समीक्षकांच्या मतांची टक्केवारी निघू लागली. या आकड्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो गुणांची सरासरी नाही. किती समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच तो मोजतो. म्हणून शंभरच्या शंभर समीक्षक 'एकदा पाहायला हरकत नाही' म्हणाले तर आकडा येतो शंभर टक्के. आणि साठ जण वेडे झाले, चाळीस जण उठून गेले तर साठ. 'काये'च्या तक्त्यात भांडण दिसायचं, इथे भांडणाचीच वजाबाकी होते. आपल्या वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिरातींत मोठाले तारे असतात आणि ते देणाऱ्याचं नाव तळाशी मुंगीच्या अक्षरात असतं, तेही याच जातीचं.

आपल्या देशात या लेखनप्रकाराचं सर्वांत मोठं काम झालं ते ताऱ्यांशिवाय. आशीष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा 'एन्सायक्लोपीडिया ऑफ इंडियन सिनेमा' १९९४ मध्ये आला, सुधारलेली आवृत्ती १९९९ मध्ये. माणसांच्या नोंदी बाजूला ठेवल्या, तर निम्मं पुस्तक म्हणजे चित्रपटांवरचे परिच्छेद. परदेशी मार्गदर्शिकांत भारत म्हणजे बहुतांशी राय. इथे तेलुगू पौराणिकपट, मल्याळी मेलोड्रामा, मराठी संतपट, हिंदी मारधाडपट सगळे एकाच टाइपात. भाषा कधी कधी सिद्धांतानं जड होते आणि एखाद्या साध्या चित्रपटाला न पेलणारं वजन चढवलं जातं. केल यांनी लाल पेन्सिल काढली असती. पण संपादकांनी एक निर्णय असा घेतला की त्यासाठी त्यांना सगळं माफ. चित्रपट भाषेनुसार लावलेले नाहीत, वर्षानुसार लावले आहेत.

त्यामुळे १९३६ पाशी आलं की 'अछूत कन्या' आणि 'संत तुकाराम' हाकेच्या अंतरावर भेटतात. एकात हिमांशू राय यांच्या मालाडच्या स्टुडिओतली देविका राणी, दुसऱ्यात दामले-फत्तेलाल यांचे विष्णुपंत पागनीस. मद्रासकडे एम. जी. रामचंद्रन 'सती लीलावती'तून पहिल्यांदा पडद्यावर आले तेही हेच वर्ष. मराठीत शिकलेल्या मुलाला 'तुकाराम' प्रभातच्या वंशावळीत ठाऊक असतो, आधी काय, नंतर काय. त्याच वर्षी बाकीचा देश काय पाहत होता हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी हा कोश विद्यार्थ्यांच्या हातात देते तेव्हा एकच काम सांगते. आपल्या भाषेतला एक चित्रपट शोधा, त्याच्या वरची आणि खालची, परक्या भाषेतली नोंद वाचा, आणि त्या दोहोंवर आपल्या भाषेत चार-चार ओळी लिहून आणा. चित्रपट मिळवून पाहायचा, मग लिहायचं. खाली स्वतःचं नाव घालायचं. तारे चालणार नाहीत. गेल्या खेपेला एका आसामी मुलीनं 'तुकारामा'वर लिहून आणलं होतं. तीन ओळी जिजाईवर होत्या. चौथीत तुकाराम होता, तोही 'तिचा नवरा' म्हणून.